स्वखुशीनें दिलें म्हणून सरकारचें झालें काय?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

आमच्या गांवच्या एका सुतारानें रस्त्यावरच्या अपघाताचें चित्रण आपल्या मोबाईलवर केलें. ठाण्यांतून बोलावणें आलें. गडी भला, मोबाईल आपण होऊन हवाली केला. पावती मागितली नाहीं, मिळालीहि नाहीं. आज सात महिने झाले. ठाण्यांत म्हणतात, "मुद्देमाल आहे, कोर्टाचा हुकूम आणा." कोर्टांतला कारकून म्हणतो, "ठाण्याचा अहवाल आणा." मोबाईलचे हप्ते मात्र सुतार दर महिन्यास भरतोच आहे. गिऱ्हाइकांचे नंबर, लांकडाचीं मापें, उधारीचा हिशेब, सगळें ठाण्याच्या कपाटांत कुलूपबंद! खरें सांगावयास पुढें आला त्यालाच ही शिक्षा, तर उद्यां साक्ष द्यावयास कोण येईल?

आम्ही विचारतों, वस्तु तपासासाठीं दिली म्हणजे मालकी सुटली काय? कुणब्यानें शेजाऱ्यास औत दिलें म्हणून शेजारी त्याचा धनी होत नाहीं. कायदाहि हेंच सांगतो. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यांत बजावलें कीं, मुद्देमाल ठाण्यांत कुजवूं नये. पंचनामा करावा, फोटो काढावे, मुचलका घ्यावा आणि वस्तु हक्कदारास द्यावी. पंधरा दिवस ते एक महिना, यापलीकडे ती ठाण्यांत राहूं नये. १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें कलम ४९७ म्हणतें कीं, वस्तु न्यायालयापुढें आल्यापासून १४ दिवसांत तिची यादी व्हावी, आणि यादी व फोटो झाल्यावर ३० दिवसांत वस्तूचा निकाल लागावा. पोलिसांनीं जप्ती कळविली पण वस्तु न्यायालयापुढें आणलीच नाहीं, तर कलम ५०३ खालीं मॅजिस्ट्रेटकडे मागणी करतां येते.

"पुरावा जाईल," असें कोणी म्हणेल. तपासणी लागते, हें आम्हांस मान्य आहे. पण तपासणी करणें निराळें आणि नुसतें कपाटांत डांबून ठेवणें निराळें. चित्रणाची रीतसर नक्कल घ्या, "बोलावतांच हजर करीन, विकणार नाहीं" असा मुचलका लिहून घ्या, आणि गरिबाचा मोबाईल गरिबास द्या!

दोष एकट्या ठाण्याचा नाहीं, आपल्या भिडेचाहि आहे. साहेबापुढें पावती मागावयास आपली जीभ अडते. न वाचतां सावकाराच्या कागदावर आंगठे करून आजे-पणजे जमिनीस मुकले, तरी आपण शहाणे झालों नाहीं. म्हणून सांगतों: वस्तु देतांना तिचा नंबर, तारीख, घेणाऱ्याचें नांव व हुद्दा लिहिलेली सहीची पावती घ्या. खरेदीची पावती जपा. वस्तु मिळेना तर मॅजिस्ट्रेटकडे लेखी अर्ज करा. वकिलास पैसे नसले तर तालुका विधि सेवा समितीकडे जा. बायांना, अनुसूचित जाती-जमातींना व ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्न असणारांना १९८७ च्या कायद्यानें वकील फुकट मिळतो.

येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही सुताराचा अर्ज लिहून देणार आहों. ज्यांचें कांहीं ठाण्यांत अडकलें असेल त्यांनीं खुशाल यावें. हात जोडून उभे राहूं नका. आपलें आहे तें आपण मागतों; ती भीक नव्हे.

— एक खेड्यांतील शाळामास्तर