अंथरूण पाहून व्हॅन घ्यावी



बर्फ वितळून तळी मोकळी होऊ लागली की नोव्हायच्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. "मासे पकडायला जायचं आणि रात्री आतच झोपायचं, अशी एखादी जुनी व्हॅन घ्यावी म्हणतो. कुठली घेऊ?" विचारणारा बहुधा कोकणातला असतो, आणि उभी हयात मोटार कंपनीत काढलेला इंजिनियरही असतो. गाडीचा नटबोल्ट त्याला पाठ. पण जुनी गाडी घेताना वाकून तिच्या पोटाखाली बघायचं मात्र त्याला सुचत नाही!

"त्यापेक्षा मोटेल काय वाईट?" हा घरातला प्रश्न रास्तच आहे. पण वॉलाय हा मासा अंधुक उजेडात चरणारा. मांजरासारखा त्याच्याही डोळ्यात चमकता पडदा असतो, म्हणून झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजा या त्याच्या जेवणाच्या वेळा. होटन लेक नोव्हायहून अडीच तास, मॅनिस्टी नदीवरचं टिपी धरण साडेतीन तास. पहाटे गळ पाण्यात हवा तर मुक्काम काठाजवळच हवा. घराजवळ ह्युरॉन नदी आहे खरी, पण पीएफएएस रसायनांमुळे २०१८ साली राज्याच्या आरोग्य खात्याने तिच्या मोठ्या पट्ट्यातले मासे खाऊ नका असं सांगितलं. सध्या कुठला मासा किती खावा, ते खात्याच्या ताज्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावं.

आता व्हॅन. आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथे आधी पाय पसरून बघायचे, मग अंथरूण विकत घ्यायचं! मालकाची परवानगी घेऊन सीटा पाडा आणि दोघंही आत पंधरा मिनिटं आडवे व्हा. लाजू नका. आठ-दहा हजार डॉलर मोजणाऱ्याला एवढा हक्क आहे.

डॉज ग्रँड कॅरव्हॅन ही आपल्या नदीपलीकडच्या विंडसरची. २००५ च्या मॉडेलपासून तिच्या बहुतेक प्रकारांत मधल्या आणि मागच्या सीटा जमिनीतल्या खळग्यात गडप होतात आणि चार बाय आठ फुटांची प्लायवुडची फळी आत सपाट मावते. २०२० साली ती बंद झाली, पण जुन्या बाजारात पुष्कळ दिसते. क्रायस्लर पॅसिफिकातही हीच सोय आहे, मात्र तिच्या हायब्रिडमध्ये मधल्या खळग्यांची जागा बॅटरीने घेतली आहे. होंडा ओडिसीच्या मधल्या सीटा निघतात, पण त्या उचलताना कंबर आठवते आणि नंतर गॅरेज अडतं. टोयोटा सिएनाच्या २०२१ पासूनच्या मॉडेलात त्या सहज निघतच नाहीत. फोर्ड ट्रान्झिट उंच छपराची घेतलीत तर आत उभं राहता येईल, पण घरच्या गॅरेजात ती शिरणार नाही. ड्राइव्ह-वेवर उभी करायची तर सबडिव्हिजनचे नियम आधी वाचा. मुलांची कारपूल, किराणा आणि मासे या तिन्हींना मिळून एकच गाडी असेल तर आमचं मत मिनीव्हॅनला.

पण मंडळी, कंपनी कुठली हा प्रश्न दुय्यम आहे. आपलं खरं वैर मिठाशी! डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळाभर इथल्या रस्त्यांवर मीठच मीठ. माणूस मिठाला जागतो म्हणतात. गाडी जागत नाही, ती गंजते. त्यातून मिशिगनात गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी नाही. म्हणजे ब्रेकची नळी कुजलेली गाडीसुद्धा राजरोस विकायला उभी राहू शकते. ती नळी फुटायची तर मध्यरात्री जंगलातल्या उतारावर, मागे पोरं झोपलेली असताना फुटेल.

म्हणून वरच्या रंगावर भुलू नका. सरकत्या दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कडा आणि जादा चाकाची बैठक बघा. फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्याला ते जिथे चिकटत नाही तिथे लांबी भरून गंज झाकलेला असण्याची शक्यता फार. खालून नुकताच काळा लेप दिलेला दिसला तर का दिला, ते विचारा. मग विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा आणि ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी, सबफ्रेम आणि मागच्या एसीच्या नळ्या बघायला सांगा. त्याला दिलेल्या पैशाकडे बघून हळहळू नका. सीट फाटली तर शिवता येते, कुजलेला सांगाडा शिवता येत नाही.

दक्षिणेकडून आलेली गाडी बिनगंजाची मिळते, पण ती पुरात बुडालेली तर नाही ना, हे टायटलवर तपासा. व्हीआयएन नंबरावरून राहिलेले रिकॉल फुकट कळतात. टायटल विकणाऱ्याच्याच नावाचं हवं. ते बदलून घ्यायला त्याच्यासोबत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जावं. तिथे सहा टक्के कर भरावा लागेल, तो बजेटात धरा.

आता रात्रीचं. एप्रिलमध्ये उत्तरेकडे बर्फ पडू शकतं आणि सामनच्या हंगामात ऑक्टोबरची रात्र गोठवते. तरीही ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, म्हणजे नाही! आत गॅसची शेगडी किंवा हीटरही लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. बॅटरीवरचा अलार्म अवश्य ठेवा, पण अलार्म आहे म्हणून इंजिन चालू ठेवू नका. उबेसाठी चांगली स्लीपिंग बॅग घ्या. खिडक्या बोटभर उघड्या ठेवून जाळी लावा, नाहीतर दोघांच्या श्वासाने सकाळी काचांवरून पाणी गळतं.

मुक्कामाला स्टेट फॉरेस्टची कॅम्पग्राउंड्स बरी. हातपंप आणि साधा संडास असतो, गलबला कमी. नंबरप्लेटचं नूतनीकरण करताना रिक्रिएशन पासपोर्ट घेऊन टाका. मासेमारीचं लायसन्स १ एप्रिल ते ३१ मार्च चालतं आणि सतरा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला लागतं. पाहुणे आलेल्या आजोबांच्या हाती गळ द्यायचा असेल तर त्यांचंही काढा.

आणि माशांचा कूलर झाकण घट्ट लावून ठेवा. एकदा कार्पेटात वास शिरला की दर सोमवारी ऑफिसात सुक्या बोंबलाची आठवण निघेल. आपली काही तक्रार नाही, पण शेजारी बसणाऱ्याचाही विचार करावा!

तेव्हा वाचकहो, व्हॅन बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि खाली अंथरायला एक जुनी चादर बरोबर घ्या. आधी गाडीच्या खाली झोपा, मग आत झोपा, आणि त्यानंतरच चेकवर सही करा. मासे भरपूर मिळोत, आणि सगळी मंडळी सुखरूप घरी परत येवोत.