तीन गोळ्यांचा पुरावा

टेक्ससला ऑनसाइट असताना टीममधल्या एका शिकारी सहकाऱ्याबरोबर शनिवारी रायफल रेंजवर गेलो होतो. हा पठ्ठ्या काडतुसं घरीच भरतो. वापरलेली पितळी पुंगळी, नवा प्रायमर, तोलून घातलेली दारू, वर गोळी. मग १०० यार्डांवर नेम आणि वेग मोजायला क्रोनोग्राफ.

पहिल्या तीन गोळ्या अर्ध्या इंचात! मी म्हटलं, झालं की काम. तो म्हणाला, "अजून सतरा." वीस झाल्यावर तोच घोळका दीड इंचाचा. साधी गोष्ट आहे हो, गोळ्या वाढवल्या की घोळका मोठाच होणार, लहान कधीच नाही!

वेगाचंही तेच. पाच गोळ्यांच्या वेगाचं प्रमाण विचलन १० फूट प्रति सेकंद आलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच सांगता येतं की खरा आकडा साधारण ६ ते २९ च्या मध्ये कुठेतरी आहे.

"तीनवर थांबलो तर उद्या हरीण जखमी होऊन रानात पळेल," तो म्हणाला.

मी गप्प. आदल्याच आठवड्यात तीन रन बघून 'क्वेरी ३० टक्के फास्ट' असा मेल मी क्लायंटला ठोकला होता. सोमवारी तीसदा चालवली. फायदा जेमतेम ४ टक्के. दुरुस्तीचा मेल टाकताना लाज वाटली, पण टाकला.

माझं मत विचाराल तर, मनासारखा आकडा आला की मोजणं थांबवणं ही लबाडीच. किती वेळा मोजायचं ते आधी ठरवा, मगच मोजा. बघा पटतंय का.