चिंचोके, खळ आणि उरलेली पानं

एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला आपल्याकडच्या शाळांना 'बेसिगे रजे' लागते. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजची मामेभावंडं अजून परीक्षेच्या अभ्यासात मान घालून बसलेली असतात आणि आपली पोरं मोकळी. त्याच्या आदल्या आठवड्यात बालवाडी, एलकेजी, यूकेजीच्या मुलांबरोबर घरी एक मोठी पिशवी येते. वर्षभराचं 'क्राफ्ट' असतं तिच्यात. कापसाचा ससा, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, पिस्त्याच्या टरफलांचा मोर, कागदी डिशचं सूर्यफूल. आई कौतुकानं एकेक काढून टेबलावर मांडते, फोटो काढते, स्टेटसला ठेवते. मग संध्याकाळी ती पिशवी माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्याच्या गाडीत.

मला या पिशवीबद्दल थोडं बोलायचं आहे. वर्गात तीस मुलं असतील तर तीस मोर हुबेहूब एकसारखे असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात असा चालत नाही. त्याच्या मोराला तीन पाय असतील, पिसारा तोंडाच्या बाजूला येईल, किंवा तो मोर अर्ध्यातच मांजर होईल. एका ओळखीच्या घरी मी यूकेजीतल्या मुलीला विचारलं, "यातलं तू काय केलंस गं?" तिनं प्रामाणिकपणे सशाचा एक डोळा दाखवला. "हा मी चिकटवला." बाकीचा ससा आईनं रात्री साडेअकरापर्यंत बसून केला होता.

बाईंना दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तीस मुलं, एक बाई, एक मावशी, आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनात "आमच्या मुलाचं असं वाकडं का?" म्हणून विचारणारे पालक. वाकडं चालत नाही म्हटल्यावर बाईंनी तरी काय करावं? सरळ वस्तू हवी असेल तर ती मोठ्या माणसाच्याच हातची असणार. त्यात थर्मोकोलची हौस अजून जात नाही. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी जुन्या दुकानातून तुकडे मिळतात आणि 'प्रोजेक्ट' म्हटलं की ते आणलेही जातात. असो.

सुट्टीच्या पहिल्या आठ दिवसांत घरीच, मुलाच्या हातानं होणाऱ्या दोन-चार गोष्टी आज सांगते. बाजारातून आणायचं जवळजवळ काही नाही.

पहिलं काम वह्यांचं. थोरल्या भावंडांच्या वह्यांत वर्षअखेरीस कोरी पानं उरतातच. वहीच्या मधल्या पिना मोठ्या माणसानं उचकटून द्याव्यात, पानं वेगळी करणं आणि कोरी-लिहिलेली निवडणं हे लहानग्याचं काम. आठ जोडपानं एकात एक घालून दुमडली की सोळा पानांची छोटी वही होते. वर बँकेच्या किंवा सोसायटीच्या जुन्या कॅलेंडरचं जाड पान, चित्र बाहेर ठेवून. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, मग आतूनच लांब टाका घेत खालच्या भोकातून बाहेर आणि शेवटी मधल्या भोकातून परत आत. दोऱ्याची दोन्ही टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात, त्यांची गाठ मारली की झालं. दाभण आपल्या हातात, पण बोथट सुईनं दोरा ओढणं पाच वर्षांच्या मुलाला नक्की जमतं. एका दुपारी तीन वह्या होतात. या वहीला रेघा पाळायची सक्ती नाही, हे मात्र मुलाला आधीच सांगून टाका.

आता चिंचोके. मार्च-एप्रिल म्हणजे घरोघरी वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून बरण्या भरायचे दिवस. बुट्टीभर चिंचोके निघतात आणि बहुतेक घरांत ते उकिरड्यावर जातात. आपल्या आज्ज्या ते टाकत नसत. आज्जी हा शब्द सुदैवानं आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे. चिंचोका म्हणा की हुणसे बीज म्हणा, त्यातून मुलांच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात, डिंक आणि फासे.

डिंक म्हणजे खळ. चिंचोके हलके भाजायचे, रात्रभर भिजवायचे, सकाळी कुटून तांबडी टरफलं काढायची. आतला पांढरा गर भिजवून वाटायचा आणि पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत दाट शिजवायचा. भाजणं-शिजवणं मोठ्यांचं, टरफलं वेचणं मुलांचं. ही काही गरिबीतली तडजोड नव्हे. घोंगडीला ताठपणा येतो तो याच खळीनं. कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळची रंगीत लाकडी खेळणी आणि देवांच्या मूर्ती करणारे कारागीरही चिंचोक्याची खळ वापरत आले आहेत, आणि घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर तिथल्या गंजिफाचे गोल पत्ते करतानाही कापडाला हीच खळ लागते. म्हणजे घाटाच्या वर कन्नड हातांत आणि खाली मराठी हातांत एकच डिंक. एवढा खटाटोप नको असेल तर मैद्याची खळ करा. वाटीभर पाण्यात मोठा चमचाभर मैदा गुठळ्या न होता कालवून शिजवला की पुरे. एक मात्र बजावून सांगते. जुनी माणसं खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. मोरचूद विष आहे. मुलांच्या खळीत ते अजिबात नको. दोन दिवसांनी खळ आंबली तर टाकून नवी करावी.

फासे करायला मात्र न भाजलेले चिंचोके हवेत. टपोरे चार निवडायचे आणि अंगणातल्या खरबरीत दगडावर किंवा पायरीवर एक बाजू घासायची. पाण्याचा थेंब टाकला तर लवकर होतं, पण मुलं पाणी टाकू देत नाहीत. कोरडा चिंचोका घासला की चांगला तापतो आणि तो हळूच शेजाऱ्याच्या दंडाला लावायचा, ही गंमत चाळीस वर्षांपूर्वी आम्हीही करत होतो. तांबडी साल जाऊन पांढरी बाजू दिसली की फासा तयार. हाताला चिकाटी लागते, बोटांत जोर येतो, आणि पुढे पेन्सिल धरायला हाच जोर लागतो. सहा महिने अक्षरं गिरवून घेण्यापेक्षा हे मला जास्त पटतं. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर मात्र चिंचोके त्याच्या हाती देऊ नका. नाकात घालतात, आणि मग दवाखाना.

पट करायला एक जुना उशीचा अभ्रा किंवा पुठ्ठा. पाच ओळी, पाच रकाने, पंचवीस घरं. मधल्या घरात आणि चारी बाजूंच्या मधोमध असलेल्या घरांत फुली. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. त्यासाठी बांगडीचे तुकडे नकोत, खारकेच्या बिया, करंजाच्या बिया, वेगळ्या रंगाचे खडे चालतात. चार चिंचोके टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं. चारी पांढरे म्हणजे चार, चारी काळे म्हणजे आठ. बाहेरच्या रांगेतून फेरी मारून, एकाची सोंगटी मारून आत शिरायचं आणि मधल्या घरात पोहोचायचं.

आमच्या धाकट्या जावेचं माहेर धारवाडचं. तिच्या मुलीचं यूकेजी गेल्या वर्षी संपलं आणि सुट्टीत दोन्हीकडच्या आज्ज्या एकत्र आल्या. पट मांडला तर धारवाडच्या आज्जी म्हणाल्या 'कट्टेमने', आमच्या सासूबाई म्हणाल्या 'चल्लस आठ', शेजारच्या बाई म्हणाल्या 'चौकाबारा'. नावावरून भांडण झालं नाही, नियमांवरून झालं. आठ पडल्यावर परत डाव मिळतो हे दोघींना मान्य, पण तीनदा सलग पडलं तर काय, यावर अर्धा तास गेला. एकीचं मराठी मोडकं, दुसरीचं कन्नड त्याहून मोडकं. मधे नात दुभाषी. तिला कोणी दुभाषी नेमलं नव्हतं. तिला खेळायचं होतं आणि त्यासाठी दोन आज्ज्यांचं एकमत व्हायला हवं होतं!

त्या घरात त्या दिवसांत एक अवघड प्रश्न चालू होता. तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात दर एप्रिलला असतो. मुलीला पहिलीला कुठे घालायचं? मराठी शाळा, कन्नड शाळा की इंग्रजी? माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असं सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्याच खटल्यात २०१४ साली सांगितलं. पण हक्क मिळाला म्हणून निवड सोपी होत नाही. बालवाडीत एका चटईवर बसलेली पोरं जूनमध्ये तीन रस्त्यांनी जातात. जावेची मुलगी इंग्रजी शाळेत गेली. दोन्ही आज्ज्या बोलल्या नाहीत, पण दोघींच्याही मनात एकच धास्ती होती: आपली चिठ्ठी हिला कधी वाचता येणार?

माध्यमाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण त्या सुट्टीत त्या घरात जे केलं ते सांगते, कारण कुठल्याही शाळेत गेलेल्या मुलाबरोबर ते करता येतं. मुलीचं नाव दोन्ही लिप्यांत 'करायचं', लिहायचं नाही. कन्नड अक्षरं गोल गरगरीत. ती ओल्या मातीच्या किंवा कणकेच्या वळकटीनं छान होतात, डोक्यावरचा तो छोटा 'तलेकट्टू' शेवटी चिमटीनं लावायचा. मराठी अक्षराला आधी आडवी काडी ठेवायची, खराट्याची किंवा पेटलेली काड्यापेटीची काडी विझवून, आणि त्या शिरोरेषेला बाकीचं अक्षर लटकवायचं. उभ्या दांड्यालाही काडीच. 'ठ' करून बघा. दोन्हीकडे मूळचा गोलच, मराठीत तो काडीखाली लोंबतो, कन्नडमध्ये त्याच्या पोटात एक टिंब येतं. मुलं या साम्याला खूप हसतात. आणि 'ळ' विसरू नका. तो दोन्ही भाषांचा लाडका, बेळगावातही आहे आणि बेळगावीतही.

पुठ्ठ्यावर खळ लावून त्यावर चिंचोके, तांदूळ, रांगोळी टाकूनही ही अक्षरं होतात. जावेकडे ती पाटी अजून दाराशी आहे, वर कन्नड, खाली मराठी. दोन्हींत एक अक्षर उलटं पडलं आहे. ते कोणी सुलटं केलं नाही, याचा मला आनंद वाटतो.

मातीत, पानांत, खड्यांत मुलाचं शिक्षण असतं हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या परदेशी साधनांऐवजी आदिवासी पाड्यांच्या आसपास मिळणारे शंख-शिंपले, बिया, पानं यांवर बालवाडी उभी केली. अलीकडे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत.

त्या धाटणीचा एक खेळ झटपट सांगते. पांढरा कागद हळदीच्या पाण्यानं रंगवून सावलीत वाळवायचा. कापूस गुंडाळलेली काडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर चित्र काढायचं. पिवळ्यावर तांबडं उमटतं. साडीवरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हे मुलाला मग सांगावं लागत नाही. त्याच कागदावर वर लिंबू पिळलं तर तांबडं पुन्हा पिवळं होतं. निरोपाची भेटकार्डं याची सुंदर होतात, बाईंना द्यायला, आणि दुसऱ्या शाळेत चाललेल्या मित्रालाही.

आता त्या पिशवीचं. सगळं टाकू नका आणि सगळं ठेवूही नका. मुलालाच तीन वस्तू निवडायला सांगा. ती आपल्याला वाटतील त्या नसतात. मोर बाजूला राहतो आणि चुरगळलेला एखादा निळा कागद निवडला जातो. त्याच्या मागे तारीख घाला आणि मूल त्याबद्दल जे बोलेल ते वाक्य, ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहा. अर्धं मराठी, अर्धं कन्नड आलं तर तसंच. दुरुस्त करू नका.

माती मात्र आत्ताच आणून ठेवा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर कार हुण्णिमे, म्हणजे कर्नाटकी बेंदूर येतो आणि त्यानंतरच्या अमावास्येला मण्णेत्तिन अमवास्ये. मातीच्या बैलांची जोडी कुंभाराकडून आणायची पद्धत आहेच, पण एक जोडी मुलाच्या हातची, शिंगं वाकडी असली तरी, देवापुढे ठेवायला काय हरकत आहे? मे महिन्यात तळी आटलेली असतात तेव्हा तळातला गाळ कोरडा, बारीक मिळतो. खानापूरकडे कोणी जाणार असेल तर एखाद्या कुंभाराकडून पिशवीभर माती मागून घ्या. खडे वेचून, चाळून, डब्यात भरून ठेवायची आणि लागेल तेव्हा आदल्या रात्री भिजवायची. एकदा वळवाचे पाऊस सुरू झाले की तळ्यात उतरता येत नाही, म्हणून या पंधरवड्यातच हे काम उरकलेलं बरं.