अर्पणपत्रिकेत बाबासाहेब, परिच्छेदात का नाहीत?

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा परत आला, तेव्हा एका कंसाभोवती लाल गोल होता: (आंबेडकर, १९१७). समासात शेरा होता, ‘हे राजकीय आहे. सैद्धांतिक संदर्भ द्या.’ त्याच पानावर जातीतल्या जातीत लग्नाबद्दल तेच सांगणारा एका क्रमिक पुस्तकाचा संदर्भ होता. त्याला गोल नव्हता. अर्पणपत्रिकेतल्या बाबासाहेबांनाही नव्हता. म्हणजे वंदन चालतं, संदर्भ चालत नाही.

हा ‘राजकीय’ निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. मे १९१७मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. उघडून पाहा. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर, प्रत्येकाचं नाव घेऊन व्याख्या मांडली आहे, मगच ती तपासली आहे. केतकरांना तर बाबासाहेब मोकळेपणाने श्रेय देतात. मग दाखवतात, की जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांची दोन लक्षणं मुळात एकच आहेत. पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने ज्यांचं खोडून काढलं, त्यांचंही नाव गाळलं नाही. आज त्याचंच नाव गाळायला सांगतात!

कंसातलं नाव म्हणजे उपचार नाही. हा विचार कुणाच्या कष्टाचा, याची ती नोंद आहे. राबायचं एकाने आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे आपल्या आजोबांनी शेतात पाहिलं. आपण ते प्रबंधात का चालवून घ्यायचं?

पण चूक आपलीही आहे. ‘बाबासाहेब म्हणतात’ एवढं लिहून आपण पुढे जातो. कुठे म्हणतात? कोणत्या पानावर? व्हॉट्सॲपवरून आलेलं वाक्य प्रबंधात टाकणं म्हणजे शेरा मारणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत देणं. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड घ्या. मूळ आणि पुनर्मुद्रण, दोन्ही सालं लिहा: (आंबेडकर, १९१७/१९७९), पुढे पान. जिथे विचार घेतला, त्याच वाक्याला हा कंस जोडा. मूळ वाचलं नसेल, तर ज्या पुस्तकातून घेतलं त्याचं नाव प्रामाणिकपणे सांगा.

मी तो कंस काढला नाही. त्यात पान क्रमांक घातला आणि मसुदा परत पाठवला.

जय भीम.