घरांतील करमणूक : सैल हाताच्या गड्याशीं गांठ

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं पत्त्यांचा एक नवा खेळ आला. अमेरिकेंत नोकरीस असलेला आमचा पुतण्या सुटीसाठीं आला होता. लाडीस आणि मेंढीकोट यांवर वाढलेल्या आमच्या मंडळीस त्यानें 'ओमाहा' नांवाचा पोकर शिकविला. पैसा लावावयाचा नाहीं ही घरांतील जुनी शिस्त. तेव्हां स्वयंपाकघरांतील डबा उघडून प्रत्येकास दोनशें चिंचोके मोजून देण्यांत आले.

खेळाची मांडणी थोडक्यांत अशी. प्रत्येक गड्यास चार पानें मिळतात. मग सर्वांच्या सामाईक अशीं पांच पानें उघडीं पडतात, प्रथम एकदम तीन, मग एक, मग शेवटचें एक. आपल्या चारांपैकीं नेमकीं दोन आणि सामाईक पांचांपैकीं नेमकीं तीन घेऊन हात जुळवावयाचा. 'नेमकीं' या शब्दावर आम्ही जोर देतों, कारण नवशिका पहिल्याच संध्याकाळीं येथें फसतो. समोर चार बदाम पडले आणि आपल्या हातीं एकटा बदामचा एक्का असला, तरी पांच बदाम जुळले असें म्हणतां येत नाहीं. याच नियमामुळें हातीं तीन एक्के येणें हें दोन एक्के येण्यापेक्षां वाईट. तिसरा कामास येत नाहींच, उलट समोर पडूं शकला असता तो एक्का आपणच अडवून बसतों.

खेळ फार जुना नव्हे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत लास व्हेगास येथील 'गोल्डन नगेट'मध्यें रॉबर्ट टर्नर या खेळाडूनें तो बिल बॉइड यांस दाखविला व तेथें तो सुरू झाला, असें सांगतात. त्याचा वडील भाऊ जो 'होल्डेम', त्यांत हातीं दोनच पानें असतात व तीं १,३२६ प्रकारांनीं येऊं शकतात. येथें चार पानें २,७०,७२५ प्रकारांनीं येतात, आणि चारांतून दोन-दोनांच्या जोड्या सहा निघतात. म्हणजे समोरचा प्रत्येक गडी एक नव्हे, सहा हात घेऊन बसलेला असतो. यामुळें होल्डेममध्यें सहज जिंकून जाणारा हात येथें पुष्कळदां दुसरा येतो.

बोलीची मर्यादा मधल्या राशीइतकी. ऐकावयास ही मर्यादा सौम्य वाटते. पण १० चिंचोक्यांच्या राशीवर एकानें १० लावले व दुसऱ्यानें तेवढेच भरले कीं ३० होतात; पुढच्या पानावर याच रीतीनें ९०, आणि त्यापुढच्यावर २७०. आमचा पुतण्या बहुतेक प्रत्येक डावांत शिरे, आणि शिरल्यावर नुसतें भरीत नसे, वाढवीत असे. तिकडे अशा गड्यास सैल व आक्रमक म्हणतात. त्याची एकदां चांगली जिरवावी, हा विचार अशा वेळीं कोणाच्याहि मनांत येतो, आमच्याहि आला.

आमच्या हातीं दश्शी, नव्वी, छक्की, पंजी होती. समोर अठ्ठी, सत्ती, दुर्री, तिन्ही निरनिराळ्या रंगांच्या. पांच पानांची माळ पुरी करणारीं पानें आम्हीं मोजलीं : चव्व्या चार, गुलाम चार, आणि पंजी, छक्की, नव्वी, दश्शी प्रत्येकीं तीन, एकूण वीस. न दिसलेल्या ४५ पानांतून दोन पडावयाचीं, त्यांत या विसांपैकीं एक तरी येण्याचा संभव शंभरांत सुमारें ७०. (होल्डेममध्यें दोन्ही टोकांस मोकळ्या माळेला आठच पानें मिळतात, व तो संभव ३१-३२ च्या पुढें जात नाहीं.) पुतण्यानें राशीइतकी बोली केली, आम्हीं आनंदानें भरली, आणि नव्वी पडली. छक्कीपासून दश्शीपर्यंत माळ जुळली! पुतण्यानें पुन्हां राशीइतकी बोली केली. दर डावाला करतो तशी ही हूलच, असें समजून आम्हीं सारे चिंचोके पुढें सारले. त्यानें गुलाम आणि दश्शी मांडली. सोबतचीं पानें राजा व तिर्री. आम्हांस तारील असें शेवटचें पान पडलें नाहीं.

आमची चूक मोजणीच्या आड दडली होती. विसांपैकीं चव्वी, पंजी, छक्की आणि गुलाम या चौदा पानांनीं आमचा हात त्या क्षणीं सर्वश्रेष्ठ झाला असता. नव्वी व दश्शी या सहांनीं मात्र नाहीं, कारण त्यांवर गुलाम बाळगणाऱ्याची माळ एक पायरी वर जाते. आतां पुतण्याचें पाहा. अठ्ठी-सत्तीवर त्याची माळ पुरी करणारी एक नव्वीच होती, आणि तेवढ्या आशेवर त्यानें रास फुगविली होती. तो चुकला होता, आणि तरी जिंकला. सैल गडी वाटेल त्या पानांवर बोली करतो, याचा अर्थ त्याच्याजवळ कधींच कांहीं नसतें असा नव्हे; तो अधिक डावांत राहतो, म्हणून उत्तम हातहि त्यास अधिक वेळां लागतो.

अशा गड्याशीं कसें खेळावें, तें आम्ही पुढल्या दोन तासांत आमच्या आत्याबाईंच्या मागें बसून पाहिलें. त्यांनीं आधीं जागाच निवडून घेतली होती. डाव डावीकडे फिरतो, म्हणून पुतण्यास आपल्या उजव्या हाताशीं बसविलें. उजवा कान बरा आहे, असें कारण सांगितलें. परिणाम असा, कीं तो काय करतो हें पाहून मग आत्याबाई बोलणार. दहांपैकीं सातआठ हात त्या टाकीत आणि वाती वळीत. दोन राजे, सत्ती, दुर्री अशीं चार रंगांचीं पानें आलीं, तेव्हां आम्ही मागून हळहळलों, त्यांनीं टाकलीं. ठेवीत तीं चारी पानें एकमेकांच्या उपयोगाचीं : एक्का व त्याच्या रंगाचें दुसरें पान, किंवा एकामागून एक लागणारीं चार. दोन एक्के म्हणून भुलावें असें येथें कांहीं नाहीं. होल्डेममध्यें एका अनोळखी हाताविरुद्ध दोन एक्के शंभरांत सुमारें ८५ वेळां जिंकतात, येथें सोबतचीं दोन पानें कुचकामाचीं असलीं तर तेवढें अंतर मुळींच उरत नाहीं.

आणि त्यांनीं एकदांहि हूल दिली नाहीं. जाणते खेळाडू एक युक्ति करतात. समोर तीन इस्पिक पडलीं आहेत, आपल्याजवळ इस्पिकचा एक्का आहे पण दुसरें इस्पिक नाहीं. अर्थात् सर्वांत मोठा इस्पिक-हात दुसऱ्या कोणाजवळ असूं शकत नाहीं, हें आपणांसच ठाऊक. मग मोठी बोली करून लहान इस्पिकवाल्यांस पळवावयाचें. युक्ति सुंदर आहे. पण जो पानें टाकीतच नाहीं त्याच्यापुढें ती वायां जाते.

आत्याबाईंचेंहि एकदां गेलें. तीन अठ्ठ्या जुळल्या असतां शेवटच्या पानावर पुतण्याचे पांच चौकट झाले आणि त्यांचे ऐंशी चिंचोके उठले. त्यांनीं चष्मा पुसला व पुढचे सहा हात पूर्वीसारखेच टाकले. आम्ही असतों तर सहाहि खेळलों असतों.

शेवटीं त्यांच्या हातीं इस्पिकचा एक्का व नव्वी आली, आणि समोर पहिल्याच तिनांत तीन इस्पिक. पुतण्यानें बोली केली, त्यांनीं तेवढेच भरले. पुन्हां बोली, पुन्हां तेवढेच. तिसऱ्या बोलीस त्याचे सारे चिंचोके मध्यें आले. येथें आमचें मत आत्याबाईंहून वेगळें आहे. समोरच्या पानांत एखादी जोडी झाली असती तर 'फुल हाउस'नें त्यांचीं पांचहि इस्पिक बुडविलीं असतीं. त्यांनीं आधींच वाढवावयास हवें होतें, विशेषतः जो गडी वाढविलें तरी भरतोच त्याच्यापुढें. त्यांचें म्हणणें, "वाढ कशाला? तो आपण होऊन देतोच आहे."

चिंचोक्यांच्या जागीं रुपये असते तर काय, हें एका वाचक-भगिनीनें पूर्वीच्या एका खेळाविषयीं विचारलें होतें. शंभरांत सत्तर वेळां जिंकणारा हात सलग तीनदां हरण्याचा संभव शंभरांत जवळजवळ तीन आहे; रात्रभर बसणाऱ्यास तो प्रसंग येतोच, आणि राशी सत्तावीसपट वाढणाऱ्या खेळांत तीन वेळा पुष्कळ झाल्या. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, ते कसबाचे असोत वा नशिबाचे, मनाई करणारा केंद्रीय कायदा २०२५ सालीं झाला आहे, हेंहि मुलांच्या कानांवर घालावें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुतण्यानें जागा बदलून मागितली. "अरे बाळ, तुझें बोलणें मला ह्याच बाजूनें ऐकूं येतें," असें म्हणून आत्याबाईंनीं चिंचोक्यांचा डबा आपल्या मांडीशीं ओढला व पानें पिसावयास घेतलीं.