मामाचे दोन प्रिंटर

लातूरच्या मार्केट यार्डात माझ्या मामाची आडत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून त्याने विंडोज ११ वाला नवा कॉम्प्युटर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन, "प्रिंटर चालना की रे!" भाचा सॉफ्टवेअरमध्ये असला की प्रिंटर दुरुस्ती त्याच्याकडेच. (इंजिनिअर मंडळींना हे वेगळं सांगायला नको.)

शनिवारी गेलो. मामाकडे प्रिंटर दोन. एक छोटा लेझर, बिलांसाठी. दुसरा जुनाट डॉट मॅट्रिक्स, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्यांसाठी, कारण कार्बन लावून दोन प्रती एकदम निघतात. मला वाटलं, म्हाताराच आडमुठेपणा करणार. झालं उलटंच! नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबीची केबल लावली, विंडोजमधलाच 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर निवडला, आणि करकर करत पट्टी बाहेर. लेझर मात्र ढिम्म. त्याचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर नाही. दुपारभर डोकं आपटलं.

"हे जुनं चालूलालंय, मग त्याला काय धाड भरली?" मामाचा प्रश्न अगदी बरोबर होता.

डॉट मॅट्रिक्सला साधी अक्षरं पाठवली तरी तो छापतो. ठळक, बारीक करायचं तर ईएससी/पीच्या खुणा, आणि त्यांचे तक्ते प्रिंटरच्या पुस्तिकेतच छापलेले असायचे. (देवनागरी या मार्गाने येत नाही, त्यामुळे पट्टीवर नावं इंग्रजीत. ते दुखणं वेगळं.) स्वस्त लेझरमध्ये मात्र पान रचायचं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर नुसता हमाल. त्या दोघांची आपसातली भाषा फक्त कंपनीला ठाऊक. ड्रायव्हर गेला की चांगला धडधाकट प्रिंटर मुका होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की, सपोर्ट बंद करायचा तर खुशाल करा, पण त्या दिवशी ती भाषा जाहीर करा. सोर्स कोड नको, त्यात इतरांचे हक्क अडकलेले असतात हे मान्य. नुसता तक्ता द्या. आमच्या नांदेडच्या घरी एचपी लेझरजेट १०२० आहे. दर वेळी चालू केला की त्यात आधी फर्मवेअर चढवावं लागतं. लिनक्सवर तो आजही चालतो, कारण रिक रिचर्डसन यांनी कंपनीबाहेर राहून त्या जातीच्या प्रिंटरांसाठी 'फू-टू-झेडजेएस' हा ड्रायव्हर लिहिला. पण प्रत्येक मॉडेलला असा माणूस भेटत नाही. आणि मामाने तरी त्याची वाट का बघावी? प्रिंटर त्याने रोख पैसे मोजून घेतलाय!

शेवटी जुना कॉम्प्युटर नेटवरून काढला आणि लेझर त्यालाच जोडून ठेवला. बिलं पेन ड्राइव्हवरून तिकडे न्यायची. आता मामाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आहेत, आणि रोजमेळाची वही मांडीवर.