तालिकेत बारावा, यादीतून बाद : साउथ सिडनीचा १९९९चा हंगाम

१/
ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या १९९९ सालच्या साखळी फेऱ्या संपल्या, तेव्हा साउथ सिडनी हा क्लब सतरा संघांत बाराव्या स्थानी होता. चोवीस सामने, दहा विजय, चौदा पराभव. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी पुढील वर्षीच्या चौदा संघांची यादी जाहीर झाली. तीत साउथ सिडनीचे नाव नव्हते. तालिकेत त्याच्या चार पायऱ्या खाली राहिलेल्या नॉर्थ क्वीन्सलंडचे मात्र होते.

२/
या घटनेची एक लोकप्रिय कथा आहे : धनाढ्य माध्यमसमूहाने गरीब वस्तीचा क्लब मारला, लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयात लढले आणि जिंकले. कथा सुरस आहे, पण अर्धीच खरी. देशातील सर्वोच्च न्यायपीठाने अखेरीस निकाल दिला तो क्लबच्या विरोधात. तरीही क्लब आज खेळतो आहे. हे कसे घडले, हा प्रश्न त्या कथेपेक्षा अधिक मोलाचा आहे.

३/
आधी खेळाविषयी थोडेसे. रग्बी लीग म्हणजे पंधरा खेळाडूंची रग्बी युनियन नव्हे. लीगमध्ये तेरा खेळाडू असतात आणि चेंडू असलेल्या संघाला ठरावीक वेळा पाडले गेले की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कबड्डीतील पकड ज्याला कळते, त्याला टॅकल समजायला वेळ लागत नाही.

हे दोन खेळ वेगळे झाले ते मजुरीच्या प्रश्नावरून. इंग्लंडच्या उत्तरेतील खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा रोज बुडे. ती भरपाई द्यायला लंडनस्थित संघटना तयार नव्हती, म्हणून उत्तरेकडील क्लब २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. या खेळाचा जन्मच मुळी कामगाराच्या खिशातून झाला आहे. पुढे जे घडले, त्याचा कडवटपणा समजण्यासाठी हे लक्षात ठेवावे लागते.

४/
सिडनीत हीच ठिणगी १९०७ साली पडली आणि १९०८ मध्ये नऊ क्लबांची पहिली स्पर्धा झाली : ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी, बामेन, ईस्टर्न सबर्ब्स, वेस्टर्न सबर्ब्स, नॉर्थ सिडनी, न्यूकॅसल आणि कंबरलँड. साउथ सिडनीची स्थापना १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न टाउन हॉलमध्ये झाली होती. त्याच वर्षी अंतिम सामन्यात ईस्टर्न सबर्ब्सला १४–१२ असे हरवून हा क्लब पहिला विजेता ठरला.

५/
रेडफर्न, वॉटर्लू, अलेक्झांड्रिया, बॉटनी : कारखाने, रेल्वेच्या कार्यशाळा, गोदामे आणि दाटीवाटीची घरे असा हा परिसर. संघाचे टोपणनाव 'रॅबिटोज'. दारोदार सशाचे मांस विकणारे फेरीवाले 'रॅबिट-ओ' अशी आरोळी देत आणि क्लबचे काही खेळाडू शनिवारी सकाळी तोच धंदा करीत, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, ती त्या वस्तीने स्वतःविषयी आवडीने सांगितली, हे पुरेसे बोलके आहे. रेडफर्न हे शहरी आदिवासींचेही मोठे केंद्र. पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी गोऱ्या वसाहतवाद्यांच्या अपराधांची जाहीर कबुली देणारे गाजलेले भाषण १० डिसेंबर १९९२ रोजी केले, ते याच रेडफर्नच्या उद्यानात.

६/
मैदानावरील कर्तृत्व म्हणाल, तर १९२५ ते १९३२ या आठ वर्षांत सात अजिंक्यपदे आणि १९५० ते १९५५ या सहा वर्षांत पाच. १९७१ पर्यंत एकूण वीस. तेवढी अजिंक्यपदे अन्य कोणत्याही क्लबकडे नव्हती. पण १९७१ नंतर विजेतेपदाचा दुष्काळ सुरू झाला आणि तिजोरीही आटली. १९८९ मध्ये साखळीत पहिले स्थान मिळवणारा हा संघ १९९० मध्ये थेट शेवटच्या स्थानी फेकला गेला. १९९९ चा साउथ सिडनी हा बलाढ्य क्लब होता, असा दावा त्याच्या कट्टर चाहत्यानेही करू नये.

७/
संकट आले ते दूरचित्रवाणीच्या वाटेने. १९९५ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज लिमिटेडने 'सुपर लीग' नावाची प्रतिस्पर्धी स्पर्धा उभारण्यासाठी क्लब आणि खेळाडू फोडायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात सशुल्क वाहिन्या नुकत्याच येत होत्या आणि ग्राहकाला घरात ती पेटी बसवायला लावील, असा खेळ त्यांना हवा होता. जुन्या संघटनेच्या मागे ऑप्टस ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली. खेळाडूंचे मानधन दोन्ही बाजूंनी अवाच्या सवा वाढले. १९९७ मध्ये एकाच देशात दोन समांतर स्पर्धा झाल्या आणि दोघींचेही प्रेक्षक विखुरले. साउथ सिडनी या साऱ्या काळात जुन्या संघटनेशी एकनिष्ठ राहिला.

८/
डिसेंबर १९९७ मध्ये तह झाला. जुनी संघटना आणि न्यूज लिमिटेड यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत 'नॅशनल रग्बी लीग' स्थापन केली. १९९८ मध्ये वीस संघ खेळले. पण तहातच एक कलम होते : २००० सालापासून संघ फक्त चौदा.

साऱ्या प्रकरणाचे मूळ या चौदा आकड्यात आहे. कोणता संघ वाईट खेळेल, हे ठाऊक होण्याच्या दोन वर्षे आधीच किती संघ जातील, हे ठरून गेले होते.

९/
निवड करायची कशी? त्यासाठी निकष आखले गेले : प्रेक्षकसंख्या, तिकिटांचे उत्पन्न, एकूण महसूल, नफा, आणि सामन्यांतील गुणही. जे क्लब आपसांत विलीन होतील, त्यांना जागेची हमी आणि आर्थिक साहाय्य. म्हणजे एका हाती चाबूक, दुसऱ्या हाती गाजर.

सेंट जॉर्ज आणि इलावारा आधीच एकत्र आले होते. १९९९ च्या हंगामात एकेका क्लबच्या कार्यकारिणीत विलीनीकरणाची खलबते चालू होती. बामेन आणि वेस्टर्न सबर्ब्स एकत्र झाले. दिवाळखोरीच्या कड्यावर उभा असलेला नॉर्थ सिडनी मॅनलीच्या गळ्यात पडला. साउथ सिडनीने विलीन व्हायला नकार दिला. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स हे क्लबचे माजी खेळाडू आणि माजी प्रशिक्षक. त्यांचा हट्ट म्हणजे धोरण नव्हे, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पण तो हट्ट नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

१०/
कपात करणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती सहसा नीट सांगितली जात नाही. एका सिडनी महानगराच्या पोटात अकरा क्लब आणि सगळ्यांना पुरेल इतका पैसा नाही, ही अडचण खरीच होती. वीस संघांची स्पर्धा टिकणारी नव्हती. गंडांतर काही फक्त जुन्या क्लबांवर आले नाही. सुपर लीगच्या बाजूने खेळलेले पर्थ, अ‍ॅडलेड आणि हंटर येथील संघही तहानंतर पुसले गेले. एखादा क्लब शंभर वर्षांचा आहे म्हणून त्याला कायमचे सिंहासन द्यावे, असा नियम कोणत्याच खेळात नसतो.

तरीही एक गोष्ट खटकते. निकष मोजत होते ते उत्पन्न आणि नफा, आणि तेही अशा वर्षांतील, ज्या वर्षांत क्लबांची घडी विस्कटली ती दोन कंपन्यांच्या झुंजीने. त्या झुंजीतील एक पक्ष आता मोजणाऱ्यांत निम्मा भागीदार होता. इतकेच नव्हे, तर १९९८ मध्ये पदार्पण केलेला मेलबर्न स्टॉर्म हा त्याच्याच मालकीचा संघ होता. १९९९ चे अजिंक्यपद मेलबर्ननेच पटकावले, मैदानावर, १,०७,९९९ प्रेक्षकांसमोर, २०–१८ असे. विजयात काहीही खोट नव्हती. पण ज्या घरात धान्य आले, त्याच घरातील माणसाने शेजाऱ्याच्या कणगीचे माप घ्यावे, याला न्याय्य व्यवस्था म्हणणे कठीण आहे.

११/
यादी जाहीर होण्याच्या पाच दिवस आधी, १० ऑक्टोबर १९९९ रोजी, हजारो लोक सिडनीच्या रस्त्यांवरून टाउन हॉलपर्यंत चालत गेले. उपयोग झाला नाही. १९०८ च्या नऊ क्लबांपैकी २००० च्या हंगामात स्वतंत्रपणे उभा राहिला तो एकच : पहिल्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीकडून हरलेला ईस्टर्न सबर्ब्स. त्यानेही तोवर आपल्या उपनगराचे नाव टाकून 'रूस्टर्स' म्हणून अवघ्या सिडनीवर हक्क सांगायला सुरुवात केली होती.

१२/
मग आली ती दोन वर्षे, जी तालिकांत सापडत नाहीत. २००० आणि २००१. साउथ सिडनीचा पहिला संघ नाही, वेळापत्रक नाही, गुण नाहीत. लोक मात्र सभासद होत राहिले. निधी गोळा झाला, जेवणावळी झाल्या, भित्तिपत्रके लागली. कार्यकारिणीत तेव्हा मजूर पक्षाचे एक तरुण खासदार होते, अँथनी अल्बनीज. पुढे २०२२ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले.

नोव्हेंबर २००० च्या आरंभी फेडरल न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉल फिन यांनी क्लबचा दावा फेटाळला. त्यानंतर दहाच दिवसांत, १२ नोव्हेंबरला, पुन्हा मोर्चा निघाला. त्या दिवशी सुमारे ८०,००० लोक चालले, असे सांगितले जाते. खटला हरल्यावर आधीपेक्षा मोठा जमाव रस्त्यावर येतो, ही घटना एखाद्या अजिंक्यपदापेक्षा कमी थोर मानू नये.

१३/
कायद्याचा मुद्दा थोडक्यात असा. १९७४ च्या ट्रेड प्रॅक्टिसेस कायद्यानुसार, प्रतिस्पर्ध्यांनी संगनमत करून विशिष्ट व्यक्तींना वा विशिष्ट वर्गाला बाजारातून वगळण्याच्या हेतूने केलेला करार बेकायदा ठरे. चौदा संघांचे कलम अशाच हेतूने घातले गेले काय? ६ जुलै २००१ रोजी अपिलात तीनपैकी दोन न्यायमूर्ती 'होय' म्हणाले. त्या निकालाच्या बळावर साउथ सिडनी २००२ च्या स्पर्धेत परतला.

१४/
१५ मार्च २००२. पुनरागमनाचा पहिला सामना, समोर जुना शेजारी रूस्टर्स. निकाल : ६–४०. रूस्टर्सनी त्या वर्षीचे अजिंक्यपदही जिंकले.

साउथ सिडनीला अख्ख्या हंगामात पाच विजय मिळाले. पंधरा संघांत ते शेवटचेही आले नाहीत. पण याचे श्रेय त्यांच्या खेळाला नाही. तालिकेच्या शिखरावर असलेल्या बुलडॉग्जने मानधनाची कमाल मर्यादा मोडल्याचे उघड झाले, त्यांचे ३७ गुण कापले गेले आणि तळाच्या संघाला थट्टेने दिला जाणारा 'लाकडी चमचा' त्यांच्या पदरी पडला. पुढच्याच वर्षी तो साउथ सिडनीकडे आला. सिनेमात असा परतीचा सामना कोणी लिहिला नसता.

१५/
आणि १३ ऑगस्ट २००३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने (नाव हाय कोर्ट असले, तरी तेच तिथले सर्वोच्च न्यायालय) चार विरुद्ध एक अशा मताने अपिलातील निकाल उलटवला. चौदा संघ हा आकडा कोणा विशिष्ट क्लबला वगळण्यासाठी नव्हता, असे बहुमताचे म्हणणे पडले. एकटे न्यायमूर्ती मायकेल कर्बी वेगळ्या मताचे होते.

कायद्याच्या काटेकोर अर्थाने हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. आकडा ठरला तेव्हा नाव ठरले नव्हते, हे खरेच. आणि तक्रारीचे मर्मही नेमके तिथेच होते : नाव न घेता वगळता येते. त्याला कायद्याकडे उत्तर नव्हते.

१६/
न्यायालयात हरूनही क्लबला पुन्हा बाहेर काढले गेले नाही. लोकांनी खटला जिंकला नव्हता. त्यांनी वेळ जिंकला होता. त्या वेळात संघ पुन्हा वेळापत्रकात बसला, हरू लागला, चमचे घेऊ लागला, म्हणजेच इतर क्लबांसारखा एक सामान्य क्लब झाला. अशा क्लबला दुसऱ्यांदा हाकलण्याची हिंमत कोणाकडे उरली नव्हती.

१७/
लोकप्रिय कथा आणखी एका वळणापाशी गप्प बसते. १९ मार्च २००६ रोजी सभासदांनी क्लबचा ७५ टक्के हिस्सा अभिनेते रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स आ कोर्ट यांना विकण्यास संमती दिली. मंजुरीसाठी ७५ टक्के मते लागत होती. मिळाली ७५.८. 'हा क्लब लोकांचा आहे' असे म्हणत रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी सहा वर्षांत तो बहुतांशी दोघांच्या हाती दिला. पिगिन्स यांचा विरोध होता. हा विश्वासघात होता, असे मात्र म्हणवत नाही. दर हिवाळ्यात तळाशी राहणारा, पैशाला महाग झालेला क्लब केवळ आठवणींवर चालत नाही, हे सभासदांना बाहेरच्यांपेक्षा अधिक ठाऊक होते. २०१४ मध्ये बुलडॉग्जला ३०–६ असे हरवून त्रेचाळीस वर्षांनी एकविसावे अजिंक्यपद आले. त्या सामन्याच्या पहिल्याच टक्करीत सॅम बर्जेस यांच्या गालाचे हाड मोडले, आणि ते अखेरपर्यंत खेळले.

१८/
विलीन झालेल्यांचे काय झाले, हे पाहिले की पिगिन्स यांचा हट्ट तपासता येतो. बामेन आणि वेस्टर्न सबर्ब्स यांचा जोडसंघ टिकला आणि त्याने २००५ चे अजिंक्यपदही जिंकले. मॅनली आणि नॉर्थ सिडनी यांचा 'नॉर्दर्न ईगल्स' मात्र २००२ च्या हंगामानंतर मोडला, म्हणजे साउथ सिडनी परतला त्याच वर्षी. जागा मॅनलीला मिळाली आणि तो २००३ मध्ये आपल्या जुन्या नावाने खेळू लागला. १९०८ पासून सलग ब्याण्णव हंगाम खेळलेला नॉर्थ सिडनी दुय्यम स्पर्धेत गेला, तो तिथेच राहिला. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला नव्हता. त्याने नकार दिला नव्हता, सही केली होती.

१९/
२०२५ मध्ये जाहीर झाले की २०२७ पासून पर्थचा नवा संघ स्पर्धेत उतरेल आणि तो नॉर्थ सिडनीचे 'बेअर्स' हे नाव व लाल-काळे रंग घेईल. ज्या पर्थचा संघ १९९७ मध्ये पुसला गेला, त्याच शहरात, सिडनीपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर.